थायलंडच्या शाळेत आम्ही दोघे

परदेशात नोकरी म्हटले की आपल्या वस्तीत दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, आखातात गवंडीकामाला नाहीतर ड्रायव्हर म्हणून गेलेला शेजाऱ्याचा मुलगा. दुसरे, अमेरिकेत कॉम्प्युटरवर बसणारा कुणाचा तरी भाचा. शिक्षक म्हणून, नवरा-बायकोने मिळून, आणि तेही इंग्रजी शिकवायला बाहेरदेशी जाता येते, हे आमच्याही कधी ध्यानीमनी नव्हते. परंतु मे २०१७ ते मार्च २०१९ अशी दोन शैक्षणिक वर्षे आम्ही दोघांनी थायलंडमधल्या एका सरकारी शाळेत इंग्रजी शिकवले. त्या देशाबद्दल, तिथल्या मुलांबद्दल आणि आपल्या मुलामुलींना उपयोगी पडेल अशा काही गोष्टींबद्दल वाचक बंधू-भगिनींशी बोलावे म्हणून हा लेख.

मी अकोला जिल्ह्यातली. वडील जिनिंग फॅक्टरीत हमाल, आई शेतमजूर. सासरे भुसावळला रेल्वेत गँगमन होते. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचे, म्हणजे ए-बी-सी-डी गिरवली तेव्हा मी दहा वर्षांची होते. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आले ते २००० साली. माझे बी.ए., बी.एड. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून झाले. माझे पती एम.ए. इंग्रजी, बी.एड. असूनही सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होते. मानधन तासावर, आणि ते हातात पडायला कधी कधी वर्ष उलटायचे. कायम जागेसाठी एका संस्थेत विचारणा केली, तर तिथे पदवीपेक्षा पैशाचा आकडा आधी विचारला गेला. तो आकडा आमच्या दोन्ही घरांतल्या तीन पिढ्यांनी मिळून कधी पाहिला नव्हता.

अशा वेळी पतींच्या एका मित्राने थायलंडचे सुचवले. तिथे इंग्रजीच्या शिक्षकांना सतत मागणी असते. तो देश कधीही कुणाची वसाहत नव्हता. त्यामुळे तिथे इंग्रजी ही राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेली भाषा नाही, गरजेपोटी शिकलेली परकी भाषा आहे. पर्यटनावर मोठा रोजगार आहे. शिवाय आग्नेय आशियातल्या देशांची जी आसियान संघटना आहे, तिच्या सनदेनेच इंग्रजी ही कामकाजाची भाषा ठरवली आहे. म्हणून तिथे पहिलीपासून इंग्रजी आहे, पण शिकवणारी माणसे कमी आहेत. फिलिपाईन्समधून हजारो शिक्षक तिथे येतात. मग आपण का नाही?

फोटो पाहिल्यावर जागा भरली

सुरुवात मात्र कडू झाली. एका एजन्सीने पतींची फोनवर मुलाखत घेतली. अर्धा तास बोलणे झाले. बोलणे छान आहे, लगेच कागद पाठवा, असे सांगितले. कागदांसोबत फोटो मागितला होता, तो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले की जागा भरली. जाहिरात मात्र पुढचा महिनाभर तशीच दिसत होती. दुसऱ्या ठिकाणी तर स्पष्टच लिहिले होते, की फक्त जन्माने इंग्रजी भाषिक असलेल्यांनीच अर्ज करावेत. पुढे तिथे गेल्यावर कळले की पुष्कळ ठिकाणी या शब्दांचा अर्थ "गोरा माणूस" एवढाच असतो.

थाई भाषेत गोऱ्या माणसाला "फरांग" म्हणतात. गंमत म्हणजे पेरूलाही फरांगच म्हणतात. भारतीय माणसाला शब्द आहे "खेक". त्याचा मूळ अर्थ पाहुणा. पण तो शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, त्यावरून पाहुणा हवासा आहे की नकोसा ते कळते. अकोल्यात आम्ही भाड्याने खोली शोधत होतो, तेव्हा दोन घरमालकांनी आडनाव ऐकून खोली दिलेली आहे असे सांगितले होते. थायलंडमध्ये आमची जात विचारणारे कुणी नव्हते, पण रंग पाहणारे होते. हे मी आधीच सांगते, कारण परदेश म्हणजे सगळा समतेचा बगीचा असे समजून कुणी जाऊ नये.

शेवटी उबोन रत्चथानी प्रांतातल्या एका खेडेवजा गावच्या सरकारी शाळेने आम्हा दोघांना घेतले. मुख्याध्यापिकाबाईंनी संगणकावर समोरासमोर मुलाखत घेतली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही इंग्रजी कितव्या वर्षी शिकलात?" मी म्हटले, "दहाव्या." त्या म्हणाल्या, "मग आमच्या मुलांना काय अवघड जाते ते तुम्हाला समजेल." प्रवासासाठी आणि कागदपत्रांसाठी पतसंस्थेतून कर्ज काढले. सासूबाई आठ दिवस अबोला धरून होत्या. निघताना मात्र त्यांनीच शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची पुडी बॅगेत घातली.

उत्पल राजधानी

मुंबईहून बँकॉकला विमानाने चार-साडेचार तास लागतात. घड्याळ दीड तास पुढे करावे लागते. कॅलेंडर मात्र तब्बल ५४३ वर्षे पुढे जाते, कारण थायलंडमध्ये सरकारी व्यवहारातही बौद्ध संवत चालतो. आम्ही उतरलो ते आपले २०१७ साल, त्यांचे २५६०. शाळेच्या फळ्यावर, रेल्वेच्या तिकिटावर, दुधाच्या पिशवीवर सगळीकडे २५६० पाहून पहिले काही दिवस फार नवल वाटायचे.

बँकॉकच्या त्या वेळच्या हुआ लाम्फोंग या मुख्य स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडली. ५७५ किलोमीटरचा प्रवास. उजाडले तेव्हा खिडकीबाहेर भाताची सपाट खाचरे, मधूनमधून ताडाची झाडे आणि चिखलात बसलेल्या म्हशी. मे महिना होता, पहिल्या पावसाने पेरणीची घाई चालली होती. कपड्यांचा रंग सोडला तर ती माणसे विदर्भातल्या धुऱ्यावर उभी आहेत असेच वाटत होते.

गावाचे नाव नीट उच्चारून पाहिले तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. उबोन म्हणजे उत्पल, कमळ. रत्चथानी म्हणजे राजधानी. उत्पल राजधानी! ज्या भागात हा प्रांत आहे, त्या सगळ्या ईशान्य भागाला "इसान" म्हणतात, म्हणजे आपले ईशान. पाली आणि संस्कृतचे शब्द तिथे वस्तीला गेले, आणि तिथल्या उच्चाराचे कपडे घालून बसले. शिक्षकाला "ख्रू" म्हणतात, तो आपला गुरू. "आचान" म्हणजे आचार्य. भाषेला "फासा". प्राथमिक शाळा "प्रथोम", माध्यमिक "मत्थयोम". शिक्षकांना परवाना देणारी संस्था "खुरुसफा", म्हणजे चक्क गुरुसभा. भेटल्यावर हात जोडून "सवात्दी" म्हणतात, तो शब्द स्वस्तिपासून घडवलेला. बोलणारी बाई असेल तर शेवटी "खा" लावते, पुरुष असेल तर "ख्रप". आपल्याकडे नाही का, मी जाते आणि मी जातो? अशा खुणा धरून धरून आम्ही बाजारापुरते थाई सहा महिन्यांत शिकलो. सूर मात्र शेवटपर्यंत चुकत राहिले. थाईत पाच सूर आहेत. "खाव" हा शब्द एका सुरात भात, दुसऱ्या सुरात पांढरा आणि तिसऱ्या सुरात बातमी. मी दुकानात तांदूळ मागायची आणि दुकानदारीण हसून लोळायची.

सकाळी आठची शाळा

शाळा बालवाडीपासून नववीपर्यंतची. सकाळी साडेसातला फाटकाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचा नमस्कार घ्यायचा. आठ वाजता झेंडा वर चढतो आणि राष्ट्रगीत होते. त्यानंतर मुले हात जोडून पालीत वंदना म्हणतात. पहिल्या दिवशी ती ओळखीची चाल नव्हती, उच्चारही वेगळे होते. "बुद्धं"चे "फुथ्थंग", "धम्मं"चे "थम्मंग". दोन क्षण गेले आणि लक्षात आले की हे तर त्रिशरण! आम्ही दोघांनी हात जोडले आणि आपल्या उच्चारात म्हणू लागलो. शेजारच्या शिक्षिका वळून पाहू लागल्या. नंतर त्यांनी विचारले, "भारतात बौद्ध लोक आहेत?" बोधगया त्यांना माहीत होते. गावातल्या दोन वृद्ध बायका यात्रेला जाऊनही आल्या होत्या. पण आजही तिथे आपल्यासारखे लाखो बौद्ध राहतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. शिक्षकांच्या खोलीत पतींनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले ते सांगितले. मुख्याध्यापिकाबाईंनी बाबासाहेबांचे नाव वहीत थाई लिपीत लिहून घेतले.

आम्ही गेलो त्या वर्षी देश शोकात होता. राजे भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ रोजी वारले होते आणि त्यांचा अंत्यविधी २६ ऑक्टोबर २०१७ रोजी झाला. तोवर सगळे शिक्षक काळ्या कपड्यांत यायचे. आम्हीही दोन-दोन काळे सदरे शिवून घेतले.

जून महिन्यातल्या एका गुरुवारी "वाय ख्रू" म्हणजे गुरुवंदनेचा दिवस असतो. मुले रांगेने येऊन शिक्षकांपुढे तबक ठेवतात. त्या तबकात चार वस्तू असतात. लाल झुपक्याचे "खेम" नावाचे फूल; खेम म्हणजे सुई, बुद्धी सुईसारखी तीक्ष्ण व्हावी म्हणून. हरळी, कारण ती तुडवली तरी पुन्हा फुटते. वांग्याचे फूल, कारण ते खाली मान घालून असते. आणि भाताच्या लाह्या, शिस्तीची खूण म्हणून. हे सगळे परसात, बांधावर मिळणारे. कुठेही महागाचा हार नाही. तबक घेऊन माझ्यापुढे बसलेल्या मुलीचे आई-वडील बँकॉकला बांधकामावर होते, ती आजीकडे राहत होती. तबकातल्या हरळीकडे पाहून मला माझ्या आईची आठवण झाली. ज्या हरळीला शिव्या देत तिचा जन्म निंदणीत गेला, तिला इथे चिकाटीचा मान होता.

"स्कूल"चे "सकून"

इसान हा थायलंडचा गरीब भाग. जमीन रेताड, भात पावसावर. घराघरांतली तरणी माणसे बँकॉकला टॅक्सी चालवायला, कारखान्यात, हॉटेलात, आणि मुले आजी-आजोबांकडे. घरात बोलतात ती लाओला जवळची इसान बोली. शाळेत प्रमाण थाई. इंग्रजी ही तिसरी. इसानची बोली आणि सावळा वर्ण यांची बँकॉकच्या लोकांकडून थट्टा होते. हे ऐकल्यावर मला ती मुले अगदी आपली वाटली. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि वर इंग्रजी, हा डोंगर आपली मुलेही चढतातच की.

थाई भाषेत शब्दाच्या शेवटी "ल" आला तर त्याचा उच्चार "न" होतो. म्हणून "स्कूल"चे "सकून" आणि "फुटबॉल"चे "फुटबोन". शेवटचा "स" तर गिळूनच टाकतात. "हाऊस"चे "हाव", "राईस"चे "राय". क्रियापदाला काळाचे रूप नाही, नामाला अनेकवचन नाही. तेव्हा "काल मी जातो" आणि "दोन पुस्तक" हे त्यांच्या लेखी बरोबरच. मुले मूर्ख नव्हती, त्यांच्या भाषेचे वळण जिभेत होते. माझी आजी स्टेशनला ठेसन म्हणायची. कॉलेजात एका शब्दाचा उच्चार मी पुस्तकात दिसला तसा केला, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम केला, की उच्चारावर कुणी कुणाला हसायचे नाही.

"ल"साठी जीभ वरच्या दातांमागे टेकवून तशीच धरून ठेवायची आणि मी हात खाली करेपर्यंत सोडायची नाही, असा खेळ केला. "स"साठी वर्गात सापाचा फुत्कार. "प"साठी तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. पतींनी मोठ्या मुलांसाठी गावच्या बाजारातल्या वस्तूंवरून वाक्ये बसवली. चिकट भात, कच्च्या पपईचा ठेचलेला सोम तम, जाळीत अडकलेला मासा, आईचा बँकॉकहून आलेला फोन. परक्या पुस्तकातले हिमवर्षावाचे धडे बाजूला राहिले.

शेजारच्या मोठ्या शाळेत एक गोरा तरुण शिक्षक होता. स्वभावाने चांगला. त्याचे शिक्षण दुसऱ्याच विषयातले, तरीही त्याला आमच्यापैकी एकापेक्षा जवळजवळ दुप्पट पगार होता. तो अधूनमधून आमच्याकडे जेवायला यायचा आणि व्याकरण विचारायचा. इथे "मच" आणि तिथे "मेनी" का, हे मुलांनी विचारले की त्याला सांगता येत नसे. तो म्हणायचा, "आम्ही असेच बोलतो, का ते मला कधी कुणी शिकवलेच नाही." त्यात त्याचा काही दोष नव्हता. चालत आलेल्या माणसाला पाय कसा टाकावा हे सांगता येत नाही, पडत-झडत शिकलेल्याला सांगता येते.

पहिल्या सत्राच्या मध्यावर एक आजोबा शाळेत आले. नातवाला खेक शिक्षिका कशाला, फरांग शिक्षक आणा, असे त्यांचे म्हणणे. मुख्याध्यापिकाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आजोबांना माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवले. तास झाला. आजोबा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्या नातवाच्या हातून केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आला. दुसऱ्या वर्षी करार नव्याने करताना आम्ही दोघांनी मिळून पगारवाढ मागितली. अठरा हजार बाथचे वीस हजार झाले. गोऱ्या शिक्षकाच्या बरोबरीला तरीही आलो नाही. परंतु मागितल्याशिवाय ते दोन हजारही मिळाले नसते.

दोघांचा संसार, दोघांचे काम

घरमालकीण सत्तरीच्या. गावात सगळे त्यांना "याय" म्हणजे आजी म्हणायचे. त्यांनी आडनाव विचारले नाही. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "जेवलात का?" तिथे भेटल्यावर हीच विचारपूस करतात. त्यांच्याकडचा "प्ला रा", म्हणजे मडक्यात मुरवलेला मासा, पहिल्यांदा चाखला तेव्हा पती म्हणाले, "आईच्या सुकटीची बहीण आहे ही." तेव्हापासून आजीबाईंची आमच्यावर विशेष मर्जी.

इसानमध्ये लग्नानंतर नवरा मुलीच्या घरी राहायला येण्याची जुनी रीत आहे. पुष्कळदा घर धाकट्या मुलीला मिळते. लग्नात मुलाकडचे लोक मुलीच्या आई-वडिलांना रक्कम देतात, तिला "सिन सोत" म्हणतात. लग्न म्हणजे पैशाचा व्यवहार, हे तिथेही सुटलेले नाही. पण मुलगी झाली म्हणून आईचा चेहरा उतरलेला मी तिथे पाहिला नाही. नवऱ्याला थाईत "सामी" म्हणतात, स्वामीवरून. बायकोला "फन्रया", भार्येवरून. शब्द जुनेच, पण बाजारात गल्ल्यावर बसलेली आणि हिशेब राखणारी बाईच.

आमच्याही घरात फरक पडला. भारतात शाळेतून थकून आले तरी चूल माझीच होती. तिथे दोघांचे तास सारखे, पगार सारखा, थकवा सारखा. पहिल्याच महिन्यात पतींनी भात आणि कपडे आपल्याकडे घेतले. आई आल्यावर काय म्हणेल, असे ते गमतीने म्हणायचे. तिथून आल्यावरही त्यांनी ते सोडले नाही, आणि सासूबाईंना आता त्याची सवय झाली आहे. आपल्याला ही गोष्ट परकी का वाटावी? १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतिराव आणि त्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाई हे जोडपेच होते. नवरा-बायकोने मिळून शिकवणे हा आपला जुना वारसा आहे.

खर्चाचे सांगायचे तर दोघांचे मिळून पहिल्या वर्षी महिना ३६ हजार बाथ. घरभाडे साडेतीन हजार. बाकी सगळे धरून महिना १५ हजार बाथ घरी पाठवता यायचे, म्हणजे त्या वेळचे सुमारे २८ हजार रुपये. त्यातून पतसंस्थेचे कर्ज फिटले आणि धाकट्या दिराचे नर्सिंगचे शिक्षण झाले. बंगला बांधून झाला नाही. तेवढ्या पगारात तो होतही नाही.

आषाढी पौर्णिमा आणि गोरे भिक्खू

आषाढी पौर्णिमेला आणि वर्षावास सुरू होण्याच्या दिवशी उबोन शहरात मेणबत्त्यांचा मोठा उत्सव असतो. मेणात कोरलेल्या मूर्ती आणि जातककथांची दृश्ये मोठमोठ्या गाड्यांवर मांडून मिरवणूक काढतात. पूर्वी पावसाळ्यात विहारात भिक्खूंना वाचायला उजेड हवा म्हणून मेणबत्त्या देत, त्याचे हे वाढलेले रूप. शाळेतली मुले मिरवणुकीत नाचायला होती. आम्ही गर्दीत उभे राहून प्रत्येकाला नावाने हाक मारत होतो.

उबोनजवळच वारिन चामराप तालुक्यात "वाट पा नानाचात" हा अरण्यविहार आहे. प्रसिद्ध भिक्खू आचान चा यांनी तो १९७५ साली परदेशी शिष्यांसाठी सुरू करवला, आणि तिथला व्यवहार इंग्रजीत चालतो. एका पहाटे आम्ही भिक्षाटन पाहायला गेलो. युरोप-अमेरिकेत जन्मलेले गोरे भिक्खू अनवाणी, खाली मान घालून, हातात पात्र घेऊन चालत होते. सावळ्या, राबून वाकलेल्या इसानच्या बाया त्यांच्या पात्रात चिकट भाताचा गोळा घालत होत्या. फरांगचा रुबाब तिथे कुठेच नव्हता. माणूस रंगाने उंच होत नाही, हे भाषणात पुष्कळदा ऐकले होते. तिथे ते डोळ्यांनी पाहिले.

सगळेच पाहून समाधान वाटले असे नाही. हुद्द्याप्रमाणे वाकणे फार. आणि स्त्रियांना भिक्खुणी म्हणून दीक्षा देण्यावर तिथल्या संघाने १९२८ साली घातलेली बंदी अजून उठलेली नाही. पांढऱ्या वस्त्रांतल्या साधिका विहारात झाडलोट आणि स्वयंपाक करताना पाहिल्या की मन खट्टू व्हायचे. बौद्ध देश आहे म्हणून डोळे मिटून घ्यावेत असे नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आता कामाचे. पदवी हवीच. बी.एड. असेल तर पुढे शिक्षक-परवान्याला फार उपयोग होतो. पदवी असून शिक्षणशास्त्राची पदवी नसेल, तर शाळेमार्फत गुरुसभेकडून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. आपली मातृभाषा इंग्रजी नसल्यामुळे टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुणपत्रक मागतात. पदवीची कागदपत्रे साक्षांकित करून घ्यावीत आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला काढून ठेवावा.

शाळेचे पत्र आल्यावर थाई वकिलातीतून कामासाठीचा "बी" व्हिसा घ्यावा लागतो. तिथे पोचल्यावर कामाचा वेगळा परवाना. पर्यटक म्हणून जाऊन शिकवणे बेकायदेशीर आहे, कुणी कितीही सांगो. जोडप्याने जायचे असेल तर दोघांचे परवाने वेगवेगळे लागतात. एकाच्या परवान्यावर दुसऱ्याला काम करता येत नाही. दोघांपैकी एकालाच नोकरी असेल, तर दुसऱ्याच्या व्हिसासाठी विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आपल्याकडे मंगल परिणय थाटात होतो आणि नोंदणी राहून जाते. ती आधी करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे, फसवणुकीपासून सावध राहावे. थायलंडमध्ये मोठ्या पगाराची नोकरी म्हणून नेलेल्या आपल्याकडच्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये डांबून ऑनलाइन लुबाडणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणे घडली आहेत. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ साली तसा जाहीर इशाराही दिला. म्हणून एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का ते पाहावे. शाळेशी स्वतः बोलावे. पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती देऊ नये. ज्या नोकरीसाठी शाळेचे नाव आणि पत्र मिळत नाही, ती नोकरी नाही असे समजावे.

परत आल्यापासून आम्ही दोघे वस्तीतल्या विहारात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. पाचवीपासून कॉलेजपर्यंतची मुले येतात, चार-पाच आयाही येतात. तिथेही नियम तोच, उच्चारावर हसायचे नाही. आपल्याला वाटत असते की इंग्रजी साहेबाची, नाहीतर कॉन्व्हेंटच्या मुलांची. उबोनच्या त्या शाळेत आम्ही हमालाच्या मुलीने आणि गँगमनच्या मुलाने ती शिकवली, आणि भातशेतीवाल्यांची मुले ती शिकली. साहेब त्यात कुठेच नव्हता. जो कष्टाने शिकला त्याची ती झाली. आपल्या घरात बी.एड., डी.एड. होऊन बसलेली मुलगी असेल, सून असेल, तर तिला हे वाचून दाखवा. थायलंडला जायचे की नाही ते नंतर ठरवता येईल. पण तिच्या हातात असलेले ज्ञान तासिका तत्त्वावरच्या मानधनाएवढे लहान नाही, हे आधी तिला कळू द्या.

जयभीम.